पडवीतला मांजरपाट

मी मांजरपाटाचा एक तुकडा बोलतोय. लांबी दीड हात, रुंदी हातभर, रंग एके काळी मळकट पांढरा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी तोंड वाकडं करायला नको. मी जळकुकडा आहे. आपलं आयुष्य सांगायला बसलं की जो तो आपण किती सोसलं आणि किती उपयोगी पडलो तेवढंच सांगतो. मीही ते सांगणार आहेच, सोडतो काय! पण माझं अर्धं आयुष्य एका रेशमी पडद्यावर जळण्यात गेलं, हे लपवलं तर सांगण्यासारखं फार उरतच नाही.

जन्म वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला. वडनेर भोलजीच्या शिवारात कापूस म्हणून फुटलो. नांदुऱ्याच्या जिनात माझी सरकी वेगळी झाली, गाठीत दाबून मला आगगाडीत घातलं, आणि लांबच्या कुठल्या गिरणीतून ठाण होऊन मी परत नांदुऱ्यालाच आलो. फकीर मोहम्मद कापडवाला ते ठाण घेऊन वरवट बकालच्या बाजारात बसायचा. गिऱ्हाईक कापड चुरगाळून बघायचं आणि म्हणायचं, "टिकाऊ हाये." सुंदर आहे असं कुणी म्हटलं नाही. मांजरपाटाला कोण म्हणतं?

ठाणाचं शेवटचं टोक राहिलं, त्यातले तीन हात सोजराबाई नावाच्या बाईंनी घेतले. "घरात पडलं राहीन कापड, कधी कामी येईन," म्हणाल्या. तो माझा सख्खा भाऊ. त्याचं पुढं काय झालं ते येईलच. उरलो मी. मला फकीर मोहम्मदची बायको सुगराबी घरी घेऊन आली.

सुगराबी टोप्यांवर आणि ओढण्यांवर कशिदा काढायची. तिच्या अंगणाची आणि सोजराबाईंच्या परसाची काट्यांची कुपाटी एकच. सोजराबाईंचा मुलगा नीळकंठ जिनाच्या कचेरीत कारकून, त्याची बायको वासंती, आणि त्यांची दोन वर्षांची पोर प्रतिमा. वासंतीचा दिवस पहाटेच्या दळणानं सुरू व्हायचा आणि रात्रीच्या भांड्यांवर संपायचा. हातात सुई धरायची ती फक्त फाटलेलं शिवायला.

पण महिन्यात चार दिवस तिला कुणी काम सांगत नसे. कावळा शिवला की तिनं मागच्या पडवीत बसायचं. स्वयंपाक नाही, पाणी नाही, देव नाही, लेकराला जवळ घेणंसुद्धा नाही. ताट दुरून सरकवलं जायचं. घरातलं कुणी जवळ येत नसे. सुगराबीला मात्र ही बंदी नव्हती. "तिले काय, ते आपल्यातली नाही," असं सोजराबाई म्हणायच्या. मग ती कुपाटीतल्या फटीतून यायची आणि वासंतीच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसायची.

एकदा ती येताना मला घेऊन आली.

"घे व," सुगराबी म्हणाली. "बसल्या बसल्या भिंतीकडं काऊन पाहून राह्यली? टाका शिक."

"मले जमन काय, सुगराबी?"

"नाही जमलं त उसवजो. कापड काही बोलत नाही."

बोलत नाही म्हणे! मी सगळं ऐकून घेतलं.

पहिला टाका माझ्या डाव्या कोपऱ्यात पडला. साधा धावदोरा, तोही नागमोडी. मग उलटी टीप, साखळी, काज, गाठीचा टाका. धागा कुठला? सोजराबाईंच्या फाटक्या लुगड्याच्या काठातून ओढून काढलेला. सुगराबीची एकच शिस्त होती. वासंतीनं काम दाखवायला पुढं केलं की ती मला पुढून बघायचीच नाही, आधी उलटं करायची. मागं गाठींचं जाळं दिसलं की म्हणायची, "उसव." वासंती उसवायची. सुई आत जायची तशी बाहेर यायची आणि माझ्या अंगावर भोकं राहायची. दुखत नव्हतं असं म्हणत नाही. पण महिनाभर मी त्या चार दिवसांची वाट बघायचो. पाचव्या दिवशी ती न्हाऊन घरात जायची आणि मी पडवीतल्या खुंटीवर. मला आत न्यायची सोय नव्हती. मी विटाळाचं फडकं. सोजराबाईंनी मला हेच नाव दिलं होतं.

तरी मला वाटायचं, आहे ते बरं आहे. दोन वर्षं ती सुई माझी एकट्याची होती.

आणि मग तो आला.

झालं असं. नीळकंठनं कचेरीतून बातमी आणली की मुलींच्या शाळेला शिवणकाम शिकवणारी बाई पाहिजे. गणपतीच्या दिवसांनंतर अमरावतीहून इन्स्पेक्टरीणबाई येणार, उमेदवारांनी आपल्या हातचं काम घेऊन यायचं. वासंतीनं ते ऐकलं आणि तिचा जीवच त्या जागेत अडकला, इतकं तिला ते हवं होतं. पडवीत बसली असताना सुगराबीला म्हणाली, "चौथी शिकली मी, पण या घरात मले कोणी नावानं बी हाक मारत नाही, नुस्तं 'ऐकलं काय' म्हणतात. मले कोणीतरी 'बाई' म्हणावं असं लय वाटते व."

नीळकंठ म्हणाला, "मायले विचार." तो दर गोष्टीला हेच म्हणायचा.

सोजराबाईंनी विचार केला आणि अट घातली. "औंदा महालक्ष्म्यांच्या मागं तुह्या हातचा पडदा लागू दे. चार बायका येतीन, पाहतीन, वा म्हणतीन. मंग तोच पडदा घेऊन जाय शाळेत. नाही त राह्य घरात."

नीळकंठ खामगावहून मोतिया रंगाचं रेशीम घेऊन आला. मी खुंटीवरून पाहिलं. काय त्याची चमक, काय तो मऊपणा! त्याला रोज सकाळी आंघोळ करून हात लागणार, त्याला रेशमाच्या लडी, त्याला नवी लाकडी रिंग. त्याची जागा माजघरात. मला मात्र लुगड्याचा काठ आणि खुंटी.

बरं, जळायचं तर एवढ्यावरच थांबावं ना? नाही. त्या पडद्यावर दोन मोर काढायचे ठरले. सुगराबीनं कागदावर मोर काढून सुईनं त्याला टोचे मारले, रॉकेलमध्ये नीळ कालवून त्यात बुडवलेला बोळा त्या कागदावर फिरवला, की खाली कापडावर ठिपक्यांचा मोर उमटतो. तो पहिला कुणावर उमटवला? माझ्यावर. आठ दिवस मला रॉकेलचा वास येत होता. मोराची मान वासंतीला जमेना. तीन वेळा भरली, तीन वेळा उसवली. माझ्या मधोमध त्या मानेची चाळण झाली. चौथ्या वेळी जमली, आणि मग तीच मान माजघरात जाऊन त्या रेशमी साहेबांवर एका झटक्यात भरली. चुका माझ्या, मोर त्याचा! सांगा, कुणाला राग येणार नाही?

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती आणि त्याला नव्हती. सुगराबीच्या सांगण्यावरून वासंतीनं रेशमाचा एकेक धागा ओला करून माझ्यावर दाबून पाहिला. हिरवा पक्का निघाला, निळा पक्का निघाला. लालनं माझ्यावर हा एवढा डाग पाडला.

"लाल कच्चा हाये," सुगराबी म्हणाली. "दुसरा आण."

"आता कुठून आणू? खामगावले कोण जाईन? पडद्याले पाणी कशाले लागते, टांगूनच त राह्यते."

"मंग ध्यानात ठेव. या पडद्याले पाणी लावायचं नाही."

वासंतीनं ध्यानात ठेवलं. मीही ठेवलं. सोजराबाईंना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

महालक्ष्म्या तीन दिवसांवर आल्या. मोर झाले, वेल झाली, एका मोराचा पिसारा तेवढा अर्धा राहिला. आणि नेमका कावळा शिवला. वासंती पडवीत येऊन बसली ती डोक्याला हात लावूनच. पण सोजराबाईंनीच तोड काढली. जुन्या माणसांत रेशमाला विटाळ धरत नाहीत. त्या पडदा घेऊन आल्या आणि दुरून पडवीत ठेवला. "रेशीम हाये, चालते. पुरा करून टाक."

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच पडवीत होतो. मी खुंटीवर, तो तिच्या मांडीवर. माझे चार दिवस! महिनाभर वाट पाहून मिळणारे माझे चार दिवस, तेही त्यानं घेतले. मी मनातल्या मनात म्हणालो, तुझं वाटोळं होवो. अगदी याच शब्दांत म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिसारा पुरा झाला. महालक्ष्म्या उद्यावर आल्या होत्या. मुखवटे पुसून माजघरात ठेवले होते, फराळाचे डबे भरले होते. वासंतीनं पडदा उंबऱ्याजवळ ठेवला, सोजराबाईंनी उचलला. पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मी मान फिरवली असती, मान असती तर. त्यांनी टांगायला म्हणून पडदा उलटा केला, आणि थांबल्या.

"वासंते, हे अस्तर कायचं?"

गेल्याच आठवड्यात वासंतीनं, टाक्यांनी रेशीम ओढलं जाऊ नये म्हणून, पडद्याला अस्तर लावलं होतं. घरात पडलेला तीन हात मांजरपाट, माझा भाऊ. पडदा रेशमाचा, पडदा रेशमाचा असं सगळे म्हणत राहिले, आणि त्याच्या पाठीला सुती कापड आहे हे सासूसुना दोघींच्याही ध्यानातून गेलं. रेशमाला विटाळ नसेल, मांजरपाटाला होता. आणि दोन दिवस तो तिच्या मांडीवर होता.

सोजराबाई काही वाईट बाई नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी आदळआपट केली नाही. उलट पडदा वाचवायलाच धावल्या. "काही होत नाही, भिजवून काढतो, सकाळलोक वाळते," असं म्हणून घंगाळाकडं निघाल्या.

"आत्याबाई!" वासंती ओरडली. "पाणी नोका लावू! लाल कच्चा हाये, उतरते!"

"पाणी नाही लावू त तसाच देवामागं टांगू काय? बोलूच नोको तू!"

"पाया पडतो तुमच्या, आत्याबाई!"

वासंतीचा पाय उंबऱ्यावर आला होता. अजून एक पाऊल टाकलं असतं तर पडदा हातात आला असता. पण आत मुखवटे होते, फराळ होता, सोवळ्याचं पाणी होतं. ते एक पाऊल पडलं असतं तर सणच विटाळला असता आणि ते घर तिला जन्मभर बोललं असतं. तिनं पाय मागं घेतला. तेवढ्यात पडदा घंगाळात गेला होता.

पाणी गुलाबी झालं. मोर गुलाबी झाले, वेल गुलाबी झाली, मोतिया रेशमावर ओघळच ओघळ. "हे काय झालं व माय," म्हणत सोजराबाई तिथंच खाली बसल्या.

मला आनंद झाला. आता लपवून काय करू? मला तोंड असतं तरी 'पाणी लावू नका' असं मी त्या घडीला ओरडलो नसतो. बरं झालं, असंच म्हणालो. मग वासंतीनं डोळे पुसायला हाताला आलं ते ओढलं, तो मी होतो. ती बराच वेळ रडत होती. माझ्यावरचा तो लाल डाग पुन्हा ओला झाला आणि थोडा पसरला. मग मात्र माझा आनंद काही टिकला नाही.

महालक्ष्म्या जुन्या लुगड्याच्या पडद्यासमोर बसल्या. परीक्षेला पाच दिवस राहिले. नीळकंठ म्हणाला, "पुढच्या साली पाहू." पुढच्या साली जागा राहणार नव्हती हे त्यालाही माहीत होतं. वासंती पोळ्या लाटत राहिली. सुगराबीनंच परसातून हाक मारली.

"काऊन व? ते खुंटीवरचं घेऊन जाय ना."

"ते फडकं? त्याच्यावर त नुस्त्या चुका हायेत."

"चुका हायेत, आणि त्याच्या बाजूले सुधारलेलं बी हाये. अस्तर बी नाही. घेऊन जाय."

सोजराबाईंनी ऐकलं. कपाळावर आठ्या पडल्या, पण पडद्याच्या पायी त्यांच्या तोंडाला कुलूप बसलं होतं. "मी बी येतो संगं," एवढंच म्हणाल्या.

शाळेत टेबलावर एकेकीचं काम मांडलं होतं. काचेच्या चौकटीतली कुत्री, गुलाबाच्या परड्या, मखमलीचे राघू. आणि त्यात मी. रॉकेलचे डाग, लाल डाग, मधोमध चाळण. इतर बायका पदराआड हसल्या. मी त्या मखमलीच्या राघूवरही जळून घेतलं, सवयीनं.

इन्स्पेक्टरीणबाई जाड भिंगाचा चष्मा लावून आल्या. चौकटी पाहत पाहत पुढं सरकल्या. माझ्यापाशी थांबल्या, आणि त्यांनी मला उचलून आधी उलटं केलं. अगदी सुगराबीसारखं.

"गाठ नाही कुठं," त्या म्हणाल्या. "पहिला टाका कोणता हो?"

वासंतीनं डावा कोपरा दाखवला. बाईंचं बोट तिथून निघालं. वाकडा धावदोरा, मग सरळ. फसलेली साखळी, मग नीट. मानेच्या चाळणीवर ते बोट जरा वेळ थांबलं.

"इथं किती वेळा उसवलंत?"

"तीन डाव."

"मुलगी चुकली तर ती कुठं चुकली हे तुम्हाला कळेल." मग त्यांनी चष्मा वर केला. "घरात लेकरू आहे, कामं असतील. एवढं सगळं शिकलात केव्हा?"

खोलीत हेडमास्तर बसले होते. वासंतीची मान खाली गेली. मग तिनं हळूच पण स्वच्छ सांगितलं, "महिन्यातले चार दिवस भेटत होते, बाई."

हेडमास्तरांना कळलं नाही. बाईंना कळलं. मला त्यांनी घडी करून टेबलावर टाकलं नाही, दोन्ही हातांनी नीट पसरून ठेवलं. दाराशी बसलेल्या सोजराबाईंनी पदर तोंडाशी नेला होता.

जागा वासंतीला मिळाली. माझ्यामुळं मिळाली! त्या रेशमी साहेबांमुळं नाही. माझ्या आयुष्यातला तो एक दिवस मी कुणावरही जळलो नाही. संध्याकाळपर्यंत तर नाहीच. मग जाता जाता बाई म्हणाल्या, "हा तुकडा शाळेतच राहू द्या. मुलींना दाखवायला लागेल."

असा मी शाळेच्या कपाटात आलो. वासंतीला साठ मुली 'बाई, बाई' म्हणून हाका मारायच्या. ती मला फळ्याशेजारी टांगून म्हणायची, "पाह्या, चुकलं की असं उसवायचं." पण तिची सुई परत माझ्या अंगाला लागली नाही. ती मुलींच्या नव्या, कोऱ्या कापडांवर फिरायची. आणि तो पडदा? टाकून दिला असेल असं वाटलं मला. कसलं काय! शाळेत येऊ लागलेल्या प्रतिमाच्या तोंडून ऐकलं, आईनं त्याची खोळ शिवली, बंगईवरच्या, म्हणजे झोपाळ्यावरच्या उशीला. घरातले सगळे दुपारी त्यावर डोकं टेकतात. बिघडलेला तो घरात, आणि जिंकलेला मी कपाटात. वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी याच विचारात पडून राहिलो.

मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वासंतीनं मला कपाटातून काढलं आणि घरी नेलं. का, ते कळेना. जुन्या सवयीनं ती परसातून आली आणि पडवीतल्या त्याच खुंटीकडं तिचा हात गेला.

"तिथं काऊन अडकवून राह्यली?" आतून आवाज आला. सोजराबाई. आवाज थकलेला होता. "मीच मांगवलं ना, आत आण त्याले."

वासंती थांबली. मग तिनं उंबरा ओलांडला. माजघर मी पहिल्यांदा आतून पाहिलं. अंधारं होतं, लहान होतं. माझ्या मनात ते कितीतरी मोठं होतं.

सोजराबाई बंगईवर बसल्या होत्या. आता त्यांच्यानं काम होत नव्हतं, आयुष्यात पहिल्यांदा हात रिकामे होते. पाठीशी ती उशी. गुलाबी पडलेली, डोकी टेकून टेकून मऊ झालेली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्याच्या मोराच्या मानेचा धागा झिजून गेला होता.

"मले बी शिकव," सोजराबाई सुनेला म्हणाल्या. "कोऱ्या कापडावर नोको. याच्यावरच शिकतो."

माझ्या उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा उरली होती. त्यांनी मला मांडीवर घेतलं. ज्या हातांनी मला कधी शिवलं नव्हतं ते हात आता मला घट्ट धरून होते. वासंतीनं मागून हात धरून साखळी टाका दाखवला. मग त्या एकट्यानं घालू लागल्या. तासाभरात सात टाके झाले. सातही वाकडे, एक तर साखळीतून निसटून भलतीकडंच गेलेला.

वासंतीनं मला उलटं करून पाहिलं. मागं गाठींचं जाळं. तिचा हात कात्रीकडं गेला, शिस्तच ती.

"उसवतं काय व?" सोजराबाईंनी विचारलं.

वासंतीनं कात्री ठेवून दिली. "नाही आत्याबाई. राहू द्या."

सुट्टी संपली तसा मी परत शाळेत आलो. आता फळ्याशेजारी टांगलेला असतो. पोरींनो, बाकी माझ्या अंगावर काय हवं ते करा. सुया खुपसा, रॉकेल फासा, उसवा. फक्त उजव्या कोपऱ्यातल्या त्या सात टाक्यांना कात्री लावू नका, कितीही वाकडे दिसले तरी. आणि कधी बाईंच्या घरी गेलात, तर बंगईवरची ती उशी उलटी-सुलटी करून बघा. असा एक तरी टाका आहे का तिच्यावर, ते जरा त्या रेशमी साहेबांना विचारून या.